दोन आठवड्यांची माया

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. पुण्याहून वन्संचा फोन आला. आवाजातून कौतुक नुसतं ओसंडत होतं. "अगं, आपली पोरगी नेपाळला चाललीय! काठमांडूजवळच्या एका अनाथाश्रमात, दोन आठवडे मुलांची सेवा करायला!"

खरं सांगते, मलाही अभिमान वाटला. कॉलेजातली मुलगी सुट्टीत हिंडायला-फिरायला न जाता पोरक्या मुलांना शिकवायला जाते म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? मी लगेच माळ्यावरची बॅग काढली. माझ्या मुलांना आखूड झालेले स्वेटर धुतले, उसवलेले शिवले, घडी करून ठेवले. बेसनाच्या लाडवांचाही बेत केला.

आठ दिवसांनी भाची भेटायला आली. तिनं मोबाइलवर आश्रमाचे फोटो दाखवले, फॉर्म दाखवला. फीचा आकडा बराच मोठा होता. शेजारी बसून गृहपाठ करणारा माझा धाकटा पटकन म्हणाला, "ताई, काम तू करणार, मग पैसेही तूच का द्यायचे?"

आम्ही सगळे हसलो. पण रात्री भांडी आवरताना ते वाक्य काही मनातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला बसले. मैत्रिणींनो, जे वाचलं ते तुम्हांलाही सांगायलाच हवं. कारण आज ना उद्या तुमच्याही घरातलं एखादं मूल असंच उत्साहानं निघणार आहे.

मुलं खरंच अनाथ असतात का?

२००४ साली कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण जगप्रवासाला निघाला. नुसती चैन दिसू नये म्हणून सुरुवातीचे काही महिने नेपाळमधल्या एका बालगृहात काम करायचं त्यानं ठरवलं. हे त्यानं पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणानं कबूल केलं आहे. काठमांडूजवळच्या गोदावरी गावात ते बालगृह होतं. मुलं अनाथ आहेत असं त्याला सांगितलेलं. आणि मग एक दिवस त्यांतल्या दोन मुलांची आईच दारात येऊन उभी राहिली!

त्याचं असं झालं होतं. नेपाळच्या वायव्य टोकाला, तिबेटच्या सीमेला लागून हुमला नावाचा जिल्हा आहे. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं त्या देशात माओवाद्यांचं यादवी युद्ध चाललं होतं. बंडखोर आपली पोरं पळवून नेतील ही आईबापांना धास्ती. अशा वेळी दलाल गावात यायचे. "तुमच्या मुलांना शहरात नेतो, शाळेत घालतो, पोटभर जेवण देतो," म्हणायचे. आईबापांनी जमीन विकून, कर्ज काढून त्यांच्या हातावर पैसे ठेवले. मुलं काठमांडूला आली नि कागदोपत्री अनाथ झाली. पुढे ग्रेनन मुलांचे फोटो खिशात घालून हुमल्याचे डोंगर पायी हिंडला. ज्या मुलांचं कुणीच नाही असं सांगितलं होतं, त्यांचे आईवडील त्याला घरोघर भेटले. त्यातूनच मुलांना घरी पोचवणारी 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था उभी राहिली.

ही एखाददुसरी गोष्ट असती तर मी लिहायला बसले नसते. पण युनिसेफचं म्हणणं असं, की नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी शेकडा ८५ मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात आहेत. आणि ही बालगृहं आहेत कुठे? बहुतेक सगळी काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या ठिकाणी. गरिबी दूरच्या डोंगरात, आणि आश्रम मात्र हॉटेलांच्या शेजारी! यातच सगळं आलं, नाही का?

कंबोडियातही तेच. पोल पॉटची भयंकर राजवट १९७९ साली संपली. त्या वेळी पोरकी झालेली मुलं २००५ पर्यंत स्वतः आईबाप झालेली होती. म्हणजे अनाथाश्रम कमी व्हायला हवे होते. उलट २००५ साली १५४ असलेले आश्रम २०१० पर्यंत २६९ झाले. मुलं पोरकी होत होती म्हणून नव्हे, तर आश्रम बघायला येणारे, देणग्या देणारे पाहुणे वाढले म्हणून! पाहुण्यांनी पैसे आणायचे, तर त्यांना दाखवायला मुलं हवीत. मग मुलं गरीब घरांतून आणायची. काही ठिकाणी तर मुलांना मुद्दाम फाटकं, उपाशी ठेवायचे, म्हणजे बघणाऱ्याचा हात लवकर खिशात जावा.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, म्हणतात ते उगीच नाही. आणि हे आता शहाण्या सरकारांच्याही ध्यानात आलंय. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळनं आईवडिलांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली. ऑस्ट्रेलियानं तर २०१८ साली, अनाथाश्रमासाठी मुलं पळवणं ही आधुनिक गुलामगिरीच आहे हे मान्य केलं.

गळ्यात पडणारं मूल

"पण मामी, सगळेच काही लबाड नसतील. चांगलाही आश्रम असेलच ना?" भाचीनं विचारलं. बरोबर आहे. असेलही. पण मग दुसरी गोष्ट येते, आणि ती आपल्यासारख्या बायकांना तर सांगायलाच नको.

आपलं तान्हं मूल परक्याला बघून काय करतं? आपल्या पदराआड लपतं. चार वेळा डोकावून बघतं, मग कुठे हसतं. आश्रमातलं मूल मात्र पहिल्या भेटीतच धावत येऊन गळ्यात पडतं. आपल्याला भरून येतं, वाटतं किती प्रेमळ! पण मुलांच्या मनाचे अभ्यासक सांगतात, की हे प्रेमाचं लक्षण नव्हे. आपलं माणूस कोणतं हे ठरवायची संधीच त्या मुलाला मिळालेली नसते, म्हणून सगळीच माणसं त्याला सारखी.

जॉन बोल्बी या इंग्लिश मानसोपचारतज्ज्ञानं जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ सालीच लिहून ठेवलं आहे, की मुलाला दुधाइतकीच एका कायमच्या, मायेच्या माणसाची गरज असते. १९८९ साली रुमानियात चाउशेस्कूची सत्ता उलथली, तेव्हा तिथल्या सरकारी बालगृहांत एक लाखाहून जास्त मुलं सापडली. पुढे बुखारेस्टमधल्या १३६ लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या मुलांना चांगल्या घरांत सांभाळायला दिलं. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत कुणाच्या तरी घरी गेली, ती सर्वांत चांगली सावरली. नुसतं खाणंपिणं, छप्पर, कपडे पुरत नाहीत. कमी होतं ते आपलं माणूस.

आता विचार करा. दर पंधरा दिवसांनी एक नवी ताई येते. गाणी शिकवते, कुशीत घेते, लाड करते. मूल तिला चिकटतं न चिकटतं तोच ती डोळे पुसत विमानात बसते. तिच्यासाठी ती जन्मभराची आठवण. आणि मुलासाठी? वर्षाकाठी वीस-पंचवीस वेळा कुणीतरी सोडून जाणं!

आपल्या दारातलं

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. कारण परदेशी कशाला, आपणही हेच करत नाही का? बाळाचा वाढदिवस आला, की केक नि खाऊ घेऊन आश्रमात जायचं. मुलांना रांगेत बसवायचं, गाणं म्हणायला लावायचं, आपल्या मुलाच्या हातून खाऊ वाटायचा, फोटो काढायचा. हेतू चांगलाच असतो. चार वर्षांपूर्वी मीही गेले होते. निघताना एका चिमुरडीनं माझा पदर धरला. "काकू, परत कधी येणार?" मी म्हटलं, "येईन हं लवकर." मैत्रिणींनो, मी परत गेले नाही. मी विसरले, पण ती विसरली असेल का?

जायचंच असेल तर

तुमच्या घरातलं कुणी अशा सेवेला निघालं, तर उत्साहावर पाणी ओतू नका. पण एवढे प्रश्न आधी लेखी विचारायला सांगा:

१. आश्रमातल्या किती मुलांचे आईवडील हयात आहेत? त्यांना घरी परत पोचवण्यासाठी काय करता?

२. आश्रमाची सरकारदरबारी नोंदणी आहे का? शेवटची तपासणी कधी झाली?

३. आमच्याकडून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला का मागत नाही? (कुणीही यावं नि मुलांत राहावं, हे आपण आपल्या मुलांच्या शाळेत चालवून घेऊ का?)

४. भरलेल्या पैशांतले मुलांवर किती खर्च होतात?

५. आम्ही जे काम करणार, ते पगार देऊन गावातल्याच एखाद्या बाईला का देत नाही?

उत्तरं सरळ आली नाहीत, तर समजावं. खरी मदत करायचीच असेल तर मुलांना घरात ठेवायला मदत करणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत. हाताशी कला असेल तर तिथल्या शिक्षिकांना, सांभाळणाऱ्या बायकांना शिकवावी. आणि नेपाळ बघायचाच असेल तर खुशाल बघावा. प्रवासी म्हणून जाण्यात कसली लाज?

आणि आपल्याकडे? वाढदिवसाला आश्रमात मिरवण्यापेक्षा व्यवस्थापकांना विचारून डाळ-तांदूळ, औषधं, शिकवणीचा खर्च द्यावा. वेळ द्यायचा तर वर्षभर, ठरल्या वारी, न चुकता द्यावा. रस्त्यात एकटं, संकटात सापडलेलं मूल दिसलं तर १०९८ हा फोन नंबर लक्षात ठेवावा.

भाचीनं हे पाचही प्रश्न पाठवले. उत्तर एकाचंही आलं नाही. आली ती फक्त उरलेले पैसे भरायची आठवण. ती गेली नाही. आगाऊ भरलेली रक्कम बुडाली, आणि वन्सं महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी सगळ्या सोसायटीत सांगून ठेवलं होतं!

पण याच जून महिन्यात एक गोष्ट झाली. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथल्या एका मुलाची आई दाखला न्यायला आली. नवरा गेलेला, धुण्याभांड्याची कामं करते. "बाई, दोघांचं खाणं झेपत नाही. ह्याला आश्रमात ठेवते," म्हणाली. एरवी मी हळहळून सही घेतली असती. या वेळी तिला बसवलं. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. एकट्या पालकाला मूल घरीच सांभाळता यावं म्हणून सरकार दरमहा पैसे देतं. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा असतो. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक... तीन खेपा झाल्या. एकदा कागद अपुरे म्हणून परत यावं लागलं. सुट्टीत आलेल्या भाचीनं सगळे कागद नीट लावून, अर्ज भरून दिला. माळ्यावरून काढलेल्या स्वेटरांतला एक त्या मुलाला अगदी मापात बसला.

तो अजून माझ्याच वर्गात आहे, खिडकीजवळच्या बाकावर. डबा आईच्या हातचा असतो. बहुतेक वेळा नुसती चपाती नि चटणी, पण मधल्या सुट्टीत तो कुणाला त्यातली हातही लावू देत नाही!