आजींच्या घरच्यांनाही प्रश्न विचारा

नागपूरच्या महाल भागातल्या, शाळेची पायरीही न चढलेल्या एखाद्या आजींना आजची तारीख विचारा. सांगता येणार नाही. पण पोळा कधी झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक कुठून निघाली, हे सगळं तोंडपाठ असेल. मग स्मृतिभ्रंश ओळखायचा कसा?

जगभर वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. १०० मधून सात-सात वजा करा, कागदावर लिहिलेलं वाचून डोळे मिटा, एक वाक्य लिहा. निरक्षर माणूस इथे मेंदू धड असूनही नापास होऊ शकतो. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी या चाचणीचं हिंदी रूप घडवलं, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वाक्य लिहायचं नाही, आपल्या घराविषयी काहीतरी बोलायचं. वाचायचं नाही, समोरच्याकडे बघून तो करतो तसं करायचं. वजाबाकी २० मधून तीनची. लक्ष, भाषा आणि आकलन तेच तपासलं जातं, फक्त पाटी-पेन्सिलीची अट गेली.

तरीही नुसत्या गुणांवर निदान होत नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस संस्थेच्या ‘लासी’ या वृद्धत्वाविषयीच्या देशव्यापी पाहणीतून साठीपुढच्या ४,०९६ जणांची खोलात तपासणी झाली. या तपासणीची सूत्रं दिल्लीच्या एम्सकडे होती. चाचण्यांसोबत घरातल्या जवळच्या माणसाचीही मुलाखत घेतली. कारण आजार म्हणजे नुसतं विसरणं नव्हे. जे काम पूर्वी सहज जमायचं ते आता जमेनासं होणं. आणि इथेच आपली एकत्र कुटुंबं गोंधळ घालतात. सून चहा करते, मुलगा बँकेत जातो, गोळ्या नातू देतो. आजींना काही करावंच लागत नाही, मग काय जमेनासं झालंय ते दिसणार कसं? ही माया मला पटते, पण निदान तिच्यामुळेच लांबतं.

पाहणीतली ही माहिती ऑनलाइन डॉक्टरांपुढे गेली. प्रत्येकानं आधी स्वतंत्रपणे आजाराची श्रेणी ठरवली आणि मत जुळलं नाही तिथे चर्चा झाली. त्यावरून सांख्यिकी पद्धतीनं देशाचा अंदाज काढला, तो २०२३ मध्ये आला: साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये ९ टक्के, पुरुषांमध्ये ५.८. खेड्यांत ८.४, शहरांत ५.३. या पिढीत बायका आणि खेड्यांतली माणसं शाळेत कमीच गेली; शिक्षणाची उणीव आयुष्यभर मेंदूचा पाठलाग करते, असा संशय या आकड्यांवरून येतो.

नागपुरात मेडिकल रुग्णालयात जा की मेयो रुग्णालयात, आजींसोबत त्यांच्याजवळ राहणारं माणूस हवं. ‘हल्ली विसरते’ एवढं सांगून भागत नाही. ‘दिवाळीपर्यंत भाजीवाल्याचा हिशेब चोख होता, आता दोनदा पैसे देते’ हे सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. ऐकूच आलं नाही तर चाचणी कशाची? थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगितलं तर टाळू नका. त्यांच्या कमतरतेनं आलेला विसराळूपणा उपचारानं सुधारू शकतो.