फिरत्या घराचे अडलेले पाय

उन्हाळ्याच्या सुटींत अमेरिकेंतील मोठ्या रस्त्यांवरून घरें धांवत असतात, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं. मोटारीच्या सांगाड्यावरच बांधलेलें, शेगडी, न्हाणीघर, बिछाने व थंड कपाट यांनीं सज्ज असें हें घर. तिकडे त्यास मोटार-होम म्हणतात. इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट हें गांव या धंद्याचें माहेरघर होय. ज्यांचे मुलगे, भाचे-पुतणे तिकडे स्थायिक झाले आहेत, अशा आपल्यांतील कित्येकांनीं या घरांतून प्रवासही केला असेल. आजच्या भाषणाचा विषय मात्र तो प्रवास नव्हे. निघण्याच्या ऐन घटकेस येणारी एक अडचण, एवढाच तो आहे.

घर मुक्कामास उभें असतां त्यास आधार देणारे जे लोखंडी पाय, ते निघतांना पुरते आंत ओढले जात नाहींत. तीन वर येतात, चौथा वीतभर खालीं लोंबत राहतो. चालकासमोरचा तांबडा दिवा विझत नाहीं, भोंगा थांबत नाहीं, जागा रिकामी करण्याची वेळ टळत जाते, आणि मग घरांतील कर्ता पुरुष हातांत विजेरी घेऊन त्या दहाबारा टनांच्या धुडाखालीं शिरूं लागतो. त्यानें तसें शिरूं नये, एवढ्यासाठींच खरें तर हें भाषण.

पायांची गरजच काय, असें कोणी विचारील. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखालीं टेकण देतात तसेंच हें, पण येथें कारणें अधिक आहेत. नुसत्या चाकांवर उभें असलेलें घर आंत माणूस चालला कीं डोलतें, आणि जमीन उतरती असली तर रात्रभर झोप लागत नाहीं. त्याहून नाजूक गोष्ट थंड कपाटाची. पुष्कळ मोटार-होमांत गॅसच्या ज्योतीवर चालणारें कपाट असतें. बाल्ट्सार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोघां तरुण विद्यार्थ्यांनीं स्वीडनमध्यें १९२२ सालीं काढलेल्या युक्तीवर तें चालतें. त्यांत पंप नाहीं, हलणारा एकही भाग नाहीं. अमोनियाचें द्रावण केवळ गुरुत्वाकर्षणानें आपल्या नळ्यांतून ओघळत असतें. घर कलतें उभें राहिलें कीं तें द्रावण मध्येंच सांचतें, नळी नको तेथें तापते, द्रावणांतील क्षार स्फटिकरूपानें आंत बसतात आणि कपाट कायमचें निकामी होऊं शकतें. ज्योतीवर थंडी निर्माण करणारें यंत्र एवढ्याशा कलानें बिघडावें, ही मौजच म्हणावयाची. अलीकडे विजेवर चालणाऱ्या निराळ्या जातीचीं कपाटें आलीं आहेत. त्यांस कलाची एवढी भीति नसते.

आतां पायाची रचना पाहूं. मोठ्या घरांचे पाय बहुधा तेलाच्या दाबावर चालतात. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकांतला. त्याचा उपयोग करून जोसेफ ब्रामा यानें इंग्लंडांत १७९५ सालीं आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. तीच जात या पायाची. विजेच्या मोटारीवरचा लहानसा पंप टाकींतील तेल नळीवाटे एका जाड पोलादी नळकांड्यांत ढकलतो. नळकांड्यांतील दांडा बाहेर सरकतो आणि त्याच्या टोकाची थाळी जमिनीस टेकते. समजा, नळकांड्याचा आंतला व्यास २ इंच आहे आणि तेलाचा दाब दर चौरस इंचास ३,००० पौंड आहे. २ इंच व्यासाच्या वर्तुळाचें क्षेत्र ३ चौरस इंचांहून किंचित् अधिक भरतें. म्हणजे हा एकटा पाय ९,००० पौंडांहून अधिक, सुमारें ४ टन, ओझें उचलूं शकेल. असे चार पाय.

खालीं जातांना एवढा बळकट असलेला हा पाय वर येतांना मात्र फार दुबळा असतो. या भाषणांतील एकच गोष्ट ध्यानांत ठेवावयाची झाली तर ती ही. पुष्कळ बनावटींत तेल दांड्यास फक्त बाहेर ढकलतें. आंत ओढण्याचें काम पायाच्या बाजूंस ताणून बसविलेल्या स्प्रिंगांचें असतें. झडप उघडली आणि तेलास टाकीकडे परत जाण्याची वाट मिळाली, कीं प्रथम घराचेंच ओझें तें तेल मागें पिळून काढतें. परंतु घर चाकांवर बसलें, थाळी जमिनीवरून सुटली, कीं पुढची सगळी चढण एकट्या स्प्रिंगांच्या बळावर. दांड्यावर धुळीचा थर बसला असेल, तेल घट्ट झालें असेल, झडप अर्धवटच उघडली असेल, तर उतरतांना हीं विघ्नें पंपास जाणवलींही नसतील. चढतांना त्यांतलें एकेक पायास अडवावयास पुरें होतें. म्हणूनच ‘काल संध्याकाळीं तर उत्तम चालत होता’ या तक्रारीस येथें कांहीं अर्थ नाहीं. काल संध्याकाळीं तो पाय खालीं जात होता.

कांहीं बनावटींत दांड्याच्या दोन्ही बाजूंस तेल खेळवितात, आणि हलक्या गाड्यांस आट्यांच्या दांड्यावर चालणारे विजेचे पाय बसवितात. त्यांची गोष्ट निराळी. आपण स्प्रिंगांच्या पायांविषयींच बोलूं. अडून बसण्याची खोड त्यांनाच अधिक.

पाय अडला असतां प्रथम उतरून, बाहेरच्या बाजूनें वांकून, चारही पाय डोळ्यांनीं पाहावे. तांबडा दिवा नेहमीं खरेंच सांगतो असें नाहीं. पाय पुरता वर गेलेला असतो आणि त्याची वर्दी देणारा लहानसा विजेचा स्विच चिखलानें माखल्यामुळें, किंवा त्याची तार तुटल्यामुळें, दिवा लागून राहतो. मग दुखणें पायाचें नसून वर्दी देणाराचें असतें. उलट, दिवा विझला एवढ्यावर विसंबून न पाहतां निघणें हेंही धोक्याचेंच.

त्यानंतरचा प्रश्न असा कीं, एकच पाय अडला आहे कीं सगळे? सगळे अडले असतील तर कारण सर्वांच्या सामाईक भागांत शोधावें. टाकींत तेल कमी आहे, असें सांगणारे शेजारी मुक्कामावर हमखास भेटतात. परंतु स्प्रिंगांच्या पायास तेल कमी पडलें तर तो खालीं जावयास कुरकुरेल; वर यावयास त्यास तेल लागतच नाहीं, उलट तेल बाहेर जाऊं द्यावें लागतें. त्यापेक्षां बॅटरीकडे पाहावें. परतीच्या झडपा विद्युच्चुंबकानें उघडतात, आणि जी बॅटरी दिव्यांना पुरते ती या चुंबकांना पुरेलच असें नाहीं. इंजिन सुरू करून मग बटण दाबावें. फ्यूज पाहावा. हातब्रेक लावलेला असल्यावांचून बटणें चालूंच नयेत अशीही योजना बहुधा केलेली असते. ती विसरली जाते. हवेच्या फुग्यांवर तोललेलें घर असेल तर फुगे पुरते भरूं द्यावे. घर उंच उचललें गेलें कीं पायावरचें ओझें आपोआप सुटतें. आणि कडाक्याची थंडी असेल तर नुसती वाट पाहावी. थंडींत तेल काकवीसारखें होतें. जो पाय एरव्हीं मिनिटभरांत वर येतो त्यास दहापंधरा मिनिटें लागलीं तर तो रोग समजूं नये.

एकच पाय अडला असेल तर प्रथम त्याच्या थाळीखालीं पाहावें. ओल्या मातींत थाळी रुतून चिखलानें धरून ठेवली जाते, आणि बर्फाच्या दिवसांत ती जमिनीस गोठून चिकटते. अशा वेळीं पाय पुन्हां किंचित् खालीं दाबून मग वर घ्यावा.

थाळी मोकळी असूनही पाय लोंबतच असेल तर खरी परीक्षा सुरू होते. वीज नसतांही परतीची झडप हातानें उघडतां यावी अशी सोय पुष्कळ बनावटींत पंपाजवळच्या ठोकळ्यावर केलेली असते. ती कोठें आहे आणि कोणत्या दिशेस किती फिरवावयाची, हें घराबरोबर आलेल्या पुस्तकांत पाहावें. घर चाकांवर बसलेलें आहे, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले आहेत आणि घराखालीं कोणी नाहीं, अशी खात्री करून अडलेल्या पायाची झडप हातानें उघडावी. पाय सरसर वर गेला, तर दांडा चांगला आणि स्प्रिंगाही चांगल्या. दोष झडपेच्या विजेंत. मग कारागीर लोक एक सोपी युक्ति करतात. चांगल्या पायाच्या झडपेवरील तारेचें वेटोळें काढून तें अडणाऱ्या पायाच्या झडपेवर बसवितात, आणि त्याचें याच्यावर. आतां पूर्वीं चांगला असलेला पाय अडूं लागला, तर वेटोळेंच दोषी. दोष जागचा हलला नाहीं, तर तार तपासावी, अथवा झडपेंत कचरा अडकला आहे काय तें पाहावें.

झडप हातानें उघडूनही पाय लोंबतच राहिला, तर दोष पायांत किंवा त्याच्या नळींत. दांड्यावर विजेरीचा झोत टाकावा. तो आरशासारखा चकचकीत असला पाहिजे. त्यावर मातीचा लेप, गंज किंवा वाळलेलें वंगण दिसलें तर बाजूनें हात पोंचेल तेथपर्यंत फडक्यानें पुसावा, सिलिकोनचें कोरडें वंगण फवारावें, आणि पाय चारसहा वेळां खालींवर करावा. येथें ग्रीस चोपडण्याचा मोह अनेकांस होतो. ग्रीस धूळ धरून ठेवतें. त्या दोहोंची जी लुगदी होते ती दांड्याबरोबर नळकांड्याच्या तोंडाशीं जाऊन तेथील रबरी कडें झिजविते, आणि मग तेल गळूं लागतें.

दांडा स्वच्छ आहे, तरीही पाय येत नाहीं. मग झडप उघडीच ठेवून, बाहेर उभें राहून, लांब वाश्यानें थाळी वर रेटून पाहावी. ती सहज वर गेली तर स्प्रिंगा थकल्या किंवा एखादी तुटली असें समजावें. त्या जोडीनेंच बदलाव्या. ती तसूभरही हलली नाहीं तर तेल कोठेंतरी कोंडलें आहे, नाहीं तर दांडा वांकला आहे. कित्येकजण वाश्याऐवजीं थाळीखालीं लहान जॅक लावतात. युक्ति उपयोगी आहे, पण तेल कोंडलेलें असेल तर वर जाईल तो पाय नव्हे, घर जाईल. तसें होतांना दिसलें कीं तत्काळ थांबावें.

दांडा वांकण्याचें एक कारण येथेंच सांगितलें पाहिजे. हातब्रेक मागच्या चाकांना धरून ठेवतो. उतारावर घर सपाट करण्याच्या नादांत मागचीं चाकें जमिनीवरून उचललीं गेलीं, तर ब्रेक असून नसल्यासारखा. घर पुढें सरकूं लागतें आणि त्याचा आडवा रेटा दांड्यांवर येतो. पाय ओझें उभें पेलण्यासाठीं केलेले असतात, आडवें पेलण्यासाठीं नव्हेत.

आतां त्या घराखालीं शिरणाऱ्या कर्त्या पुरुषाविषयीं. मुक्कामाचे पाय हे दुरुस्तीचे आधार नव्हेत. ज्या झडपेचा दोष शोधावयाचा आहे, तीच झडप त्या क्षणीं घर तोलून धरीत असते. ती उघडली, किंवा नळीचा सांधा सैल झाला, तर घर खालीं येण्यास क्षणाचाही विलंब लागत नाहीं. हवेच्या फुग्यांवरचें घर फुग्यांतील हवा गेल्यानेंही तसेंच बसतें. खालीं शिरणें अपरिहार्यच असेल तर सांगाड्यास पोलादी घोडे लावलेले असले पाहिजेत, आणि तें काम कारखान्यांत व्हावें. दुसरा धोका अगदीं लहान दिसतो. दाबाखालीं असलेल्या नळीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें, तर त्यांतून निघणारी तेलाची चिळकांडी कातडी भेदून आंत जाते. वर ठिपक्याएवढी जखम दिसते, वेदनाही आरंभीं थोडी असते. पण आंत पसरलेलें तेल मांस नासवितें, आणि शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती बोटानें चांचपून कधींही शोधूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरावा. आणि असा ठिपका उठलाच तर ‘दुखत नाहीं’ म्हणून न थांबतां तडक रुग्णालय गांठावें.

इतकें करूनही पाय वर राहत नसेल, तर तो वाश्यानें वर रेटून साखळीनें सांगाड्यास घट्ट बांधतात आणि जवळच्या कारखान्यापर्यंत सावकाश जातात. तेंही जमत नसेल तर कारागिरास बोलावून पायच उतरवून घेतात. लोंबता पाय घेऊन निघणाराचा पाय पहिल्या उंचवट्यावर मोडतो, आणि मोडतांना बरोबर नळ्या व सांगाड्याचा तुकडाही घेऊन जातो.

कधीं कधीं पाय वर आलेला असूनही दुपारीं रस्त्यावरच तांबडा दिवा लागतो. वर घेतलेल्या पायाच्या नळींत झडपेपलीकडे थोडें तेल कोंडलेलें राहतें. उन्हानें तें प्रसरण पावतें आणि दांडा थोडासा बाहेर ढकलतें. गाडी बाजूस घेऊन झडपा पुन्हां उघडल्या कीं पाय जागेवर जातो.

राहिली गोष्ट निगेची. ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गांवाभोवतीं उत्तरेच्या थंडीस कंटाळलेलीं हजारों मोटार-होमें हिवाळ्यांत येऊन उतरतात, आणि कित्येक तर महिनेच्या महिने एका जागीं असतात. तेवढा काळ दांडे उघडे पडून धूळ खात असतात. असें लांब मुक्कामाचें घर असेल तर उघडा दांडा आठवड्यांतून एकदां पुसून त्यावर सिलिकोन फवारावें. समुद्रकांठीं, खाऱ्या हवेंत, त्याहूनही वारंवार. थाळीखालीं फळी घालावी. तेल कोणतें घालावें हें पुस्तक सांगेल तसें. ब्रेकचें तेल मात्र कधींही नव्हे, कारण त्यानें रबरी कडीं फुगून दांड्यास आवळतात. आणि टाकींतील तेल मोजावयाचें तें चारही पाय वर असतां. पाय खालीं असतांना टाकी रिकामी वाटून कोणी ती काठोकाठ भरली, तर पाय वर येतांना परतलेलें सगळें तेल टाकीच्या तोंडावाटे जमिनीवर येतें.