तुमचे घर कोणत्या विभागात?

नवे घर घ्यायचे ठरले म्हणजे माणूस किती चौकश्या करतो! पाणी किती वेळ येते, स्टेशन किती लांब, दार कोणत्या दिशेला, शेजार कसा. दिशेसाठी तर जाणकार बोलावून त्याला दक्षिणाही देतो. परंतु ज्या जमिनीवर हा सारा संसार मांडायचा, ती भूकंपाच्या नकाशात कोणत्या विभागात पडते, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच.

असा नकाशा आहे, आणि तो सरकारमान्य आहे. १९३४ च्या जानेवारीत बिहार हादरला, तेव्हा भूगर्भशास्त्र खात्याने १९३५ साली धोक्याच्या प्रदेशांचा नकाशा काढला. पुढे १९६२ साली भूकंपाचा विचार करून बांधकाम कसे करावे याची भारतीय संहिता निघाली. तिच्या नकाशात देशाचे शून्य ते सहा असे सात विभाग होते. आकडा मोठा तितका धोका अधिक. दख्खनचे पठार म्हणजे कातळाची भक्कम बैठक, असा तेव्हाचा समज. साहजिकच पठाराच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी अगदी खालचे आकडे आले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने या समजाला तडा दिला. धरणाला भेगा पडल्या तरी ते उभे राहिले. कोयनानगरची घरे मात्र कोसळली. १९७० च्या नकाशातून शून्य हा आकडाच गेला, विभाग पाच उरले आणि कोयनेचा परिसर चौथ्यात जाऊन बसला.

एवढे होऊनही किल्लारी पहिल्याच, म्हणजे सर्वांत निर्धास्त विभागात राहिली. १९९२ सालीच तिथल्या लोकांना हादरे जाणवू लागले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि त्या मुलखात सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर उन्हाला अडवणारे मातीचे जड माळवद! उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या रात्री काळ झाले. २००२ च्या नकाशात पहिला विभाग दुसऱ्यात विलीन झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला.

नकाशा काढणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. झालेल्या भूकंपांच्या नोंदी आणि खडकांची माहिती, एवढेच त्यांच्या हाती. आणि धरणी काही आपल्या शे-दोनशे वर्षांच्या दप्तराप्रमाणे वागत नाही. शिवाय एक रंग शेकडो मैल पसरतो. मुंबई २००२ च्या नकाशात तिसऱ्या विभागात आहे. पण मलबार हिलचा खडक आणि समुद्रात भर घालून केलेली जमीन एकाच हादऱ्याने सारखी कशी हलेल? त्यासाठी त्या त्या जागेची मातीच तपासली पाहिजे.

तरीही तो आकडा इंजिनियरच्या फार कामाचा. २००२ च्या संहितेत दुसऱ्या विभागाला ०.१० आणि पाचव्याला ०.३६ असा गुणक होता. म्हणजे तीच इमारत पाचव्या विभागात बांधायची तर साडेतीनपटीहून अधिक आडवा धक्का सोसेल अशी आखायची. आकडा कागदावर आणि बांधणी मनमानीची, असे झाले की काय होते ते २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेत दिसले. भूकंपाचे केंद्र दूर कच्छात; पण तळमजला मोटारींसाठी मोकळा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या कित्येक इमारती इकडे खाली बसल्या.

उलट, धोका ओळखून आधीच बांधले तर? याचा दाखला क्वेट्ट्याचा आहे. १९३१ साली बलुचिस्तानात धक्का बसल्यावर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे इंजिनियरने धक्का सोसतील अशी घरे आखली, आणि १९३३ साली आपल्या निबंधात देशाच्या भूकंपप्रदेशांचा एक नकाशाही छापला. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले, हजारो माणसे गेली. कुमारांनी रेल्वेच्या लोकांसाठी बांधलेली घरे तेवढी उभी होती.