एका सहीने गेलेली गाणी

गाणे गळ्यातून निघते, पण ते कोणाच्या मालकीचे हे कागद ठरवतो. अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या 'स्टॅक्स' या रेकॉर्डिंग स्टुडिओचा इतिहास हेच सांगतो. प्रत्येक कलावंताने आणि त्याच्या घरच्यांनी तो जाणून घ्यावा, म्हणून आज आम्ही तो थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मेम्फिस हे अमेरिकेच्या दक्षिण भागातले, मिसिसिपी नदीकाठचे शहर. त्या काळी तेथे काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या; खानावळीतही एका टेबलावर बसता येत नसे. अशा शहरात १९५७ साली जिम स्टुअर्ट या बँकेत नोकरी करणाऱ्या गोऱ्या तरुणाने 'सॅटेलाइट' नावाची लहानशी रेकॉर्ड कंपनी काढली. जवळ पैसा नव्हता. त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्सटन, दोन मुलांची आई, तीही बँकेतच नोकरीला. तिने आपले राहते घर गहाण ठेवले आणि त्या पैशातून ध्वनिमुद्रणाचे यंत्र आले. पुढे स्टुअर्ट आणि ॲक्सटन या दोन आडनावांची पहिली अक्षरे जोडून १९६१ मध्ये कंपनीचे नाव 'स्टॅक्स' झाले.

दार सर्वांना उघडे

१९६० साली त्यांनी मॅक्लेमोर मार्गावरचे एक जुने सिनेमागृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच ठेवली. ती सपाट करायला पैसे कुठले? त्या उतारामुळेच तेथल्या आवाजाला वेगळा घुमारा आला, असे जाणकार सांगतात. खाऊ विकण्याच्या जागी एस्टेलबाईंनी रेकॉर्डचे दुकान मांडले. वस्तीतली काळी मुले तेथे येत, गाणी ऐकत. त्यांना काय आवडते ते पाहून बाई स्टुडिओत सांगत.

या दारातून आत आलेले अनेकजण कष्टकऱ्यांच्या घरचे. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर नामवंत गीतकार झाला. मांसाच्या कारखान्यात मजुरी केलेला आयझॅक हेज १९७२ साली ऑस्कर घेऊन आला. ओटिस रेडिंग १९६२ साली दुसऱ्या कलावंताची गाडी चालवीत आला होता. शेवटी थोडा वेळ उरला, तेव्हा त्याला गायला मिळाले आणि पुढे तो जगप्रसिद्ध झाला. स्टुडिओच्या वाद्यवृंदाचा प्रमुख बुकर टी. जोन्स काळा. त्याच्या चौघांत दोन काळे आणि दोन गोरे. बाहेर ज्यांना एकत्र जेवता येत नव्हते, ते आत खांद्याला खांदा लावून वाजवीत होते.

कागदाने केलेला घात

मग संकटे आली. १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात ओटिस रेडिंग गेला. त्याच सुमारास न्यूयॉर्कची 'अटलांटिक' ही मोठी कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेली. स्टॅक्सच्या रेकॉर्ड तीच देशभर विकत असे. तिच्याशी १९६५ साली झालेला करार आता उघडून पाहिला, तर काय? तिच्यामार्फत विकलेल्या सर्व गाण्यांच्या मूळ टेप तिच्याच मालकीच्या, असे त्यात लिहिलेले! जिम स्टुअर्टने तो कागद नीट न वाचता विश्वासावर सही केली होती. बँकेत नोकरी केलेला माणूस फसला, तर इतरांची काय कथा? वर्षानुवर्षांची मेहनत एका कलमाने गेली.

१९६८ सालीच मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलमध्ये गोळीला बळी पडले. याच मोटेलमध्ये स्टॅक्सचे काळे-गोरे कलावंत एकत्र बसून गाणी रचीत असत. त्या गोळीने स्टुडिओतला जुना मोकळेपणाही गेला.

तरी स्टॅक्स लगेच संपले नाही. अल बेल हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता भागीदार झाला. १९६९ मध्ये त्याने एकदम सत्तावीस आल्बम काढून कंपनी पुन्हा उभी केली. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या मैदानात केवळ एक डॉलर तिकिटात गाण्यांचा मोठा मेळा भरवला. एक लाखाच्या आसपास लोक जमले. पण कर्ज वाढले, नव्या वितरकाशी बिनसले आणि डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. १९८९ साली ती इमारतही पाडली गेली.

इमारत गेली, वस्ती मात्र विसरली नाही. २००३ साली त्याच जागी संग्रहालय उभे राहिले. शेजारीच वस्तीतल्या मुलांसाठी संगीत शाळा सुरू झाली होती.

वाचकहो, आपल्या घरातही गाणारे आहेत, वाजवणारे आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, कॅसेटचा जमाना गेला, नवी साधने आली, पण करारपत्र तेच आहे. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा. समजली नाही तर शिकलेल्या मुलाकडून, वकिलाकडून समजावून घ्या. त्याची एक प्रत घरात जपून ठेवा. गळा आपला आहे, तर गाण्यावरचा हक्कही आपलाच राहिला पाहिजे.