पॅकेजच्या आकड्यामागे काय?

कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की निमाणीपासून आडगाव नाक्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर एकच चर्चा रंगते : ‘कॉम्प्युटरला कुठल्या कॉलेजचं पॅकेज जास्त?’ पंचवटीकरांना घराजवळच अमृतधामला १९८४ पासूनचं के. के. वाघ आहे, आडगावला मेट आहे. शिवाय दोनशे किलोमीटरवरचं पुणं खुणावत असतंच. पण दोस्तांनो, चार वर्षांची फी, रूम, मेस आणि डोक्यावर शैक्षणिक कर्ज असा मामला असेल, तर होर्डिंगवरचा आकडा बघून पसंतीक्रम ठरवू नका.

आधी ‘हायेस्ट पॅकेज’ विसरा. तो एकाच मुलाचा पगार असतो. ‘ॲव्हरेज’ही फसवं असतं. समजा, दहापैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी येते ७.१५ लाख! प्रत्यक्षात एवढा पगार एकालाही नाही. म्हणून विचारायचा तो मीडियन, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोब्बर मधला येणारा आकडा. इथे तो साडेतीन लाखच आहे.

‘९० टक्के प्लेसमेंट’ वाचलं की पुढचा प्रश्न टाका : कितीपैकी? वर्गात १२० मुलं, प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेली ६० आणि नोकरी लागलेली ५४, तर टक्केवारी ९०. पूर्ण वर्ग धरला तर ४५. एकाच मुलाच्या तीन ऑफर्स तीन वेळा मोजल्यात का, हेही विचारा.

मग खरी माहिती कुठे मिळते? केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या वेबसाइटवर तो डेटा असतो : किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती, उच्च शिक्षणाला किती गेले. फक्त लक्षात ठेवा, हे आकडे सगळ्या ब्रँचचे एकत्र असतात. कॉम्प्युटरचे वेगळे आकडे प्लेसमेंट सेलकडेच मागा.

आणि सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. सहा लाखांचं पॅकेज म्हणजे दरमहा ५० हजार, असं गणित मांडू नका. कंपनीचा पीएफमधला वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, व्हेरिएबल पे, कधी एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस, हे सगळं त्यात धरलेलं असू शकतं. बाँड आहे का, तेही बघा.

मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचा सुरुवातीचा पगार बरेचदा साडेतीन लाखांच्या आसपास असतो. टीसीएससारखी कंपनी निंजा, डिजिटल, प्राइम अशा पदांसाठी परीक्षा आणि मुलाखतीवर निवड करते. म्हणजे त्याच पदाला नाशिकचा मुलगा आणि पुण्याची मुलगी यांचा पगार सारखाच. कॉलेजमुळे फरक पडतो तो कॅम्पसवर कोण येतं आणि किती जणांना घेतं, यात.

तेव्हा फॉर्म लॉक करण्याआधी वहीत चारच रकाने आखा : मीडियन, पूर्ण वर्गातले किती जण प्लेस झाले, हातात येणारा पगार आणि चार वर्षांचा एकूण खर्च. मग आईबाबांना शेजारी बसवून घरचं कॉलेज आणि पुण्याचं कॉलेज समोरासमोर मांडा. कर्जाचा हप्ता कॉलेजचं नाव बघून कमी होत नाही!