मूल बरे दिसू लागते तेव्हा

आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे असे डॉक्टरांच्या तोंडून ऐकताच आईच्या मनात उभा राहणारा पहिला प्रश्न बहुधा उपचाराचा नसतो, आपल्या हातून काय चुकले हा असतो. आणि गरोदरपणी पाहिलेले ग्रहण, पूर्वजन्मीचे पातक, कुणाची लागलेली दृष्ट अशी कारणे आप्तेष्ट इतक्या तत्परतेने पुरवतात की ती माउली विनाचौकशी गुन्हेगार ठरते. वस्तुस्थिती अशी की बालवयातील बहुसंख्य कर्करोग पेशींची वाढ होत असता जनुकांत अकस्मात घडलेल्या बिघाडातून उद्भवतात; आनुवंशिक दोष आढळतो तो दहा मुलांपैकी सुमारे एकात. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग हा यातला ठळक अपवाद, म्हणून त्या रोगात भावंडांचे डोळेही अवश्य तपासून घ्यावेत. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. उलट सर्दी-पडशाने बेजार झालेला पाहुणाच केमोथेरपीने क्षीण झालेल्या मुलाला धोक्याचा असतो.

'हा रोग जडला म्हणजे सारे संपले' हे एके काळी खरेच होते. परंतु १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी औषधाने मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ हटवून दाखवला, पुढे आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन निघाले, आणि अनेक औषधे एकत्र योजण्याची पद्धती रूढ झाल्यावर आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक बरी होतात. (सदाफुलीचा पाला घरी उकळून पाजणे हा मात्र उपचार नव्हे; त्या वनस्पतीत विषारी द्रव्ये आहेत.)

तरीही माझ्या मते सर्वाधिक घात करतो तो आशेच्या पोटी जन्मलेला समज. रक्ताच्या कर्करोगात पहिल्या महिन्याभराच्या उपचाराने ताप उतरतो, मूल जेवू-खेळू लागते, तपासणीत अस्थिमज्जा निर्मळ दिसते, आणि शेतीची कामे खोळंबलेला, कर्जाने वाकलेला बाप 'पोरगा बरा झाला' असे मानून गावची गाडी धरतो. निदानाच्या वेळी शरीरात रोगट पेशी एक लाख कोटींच्या घरात असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसेनाशा झाल्या तरी हजार कोटींपर्यंत उरलेल्या असू शकतात. म्हणूनच सर्वसाधारणपणे दोन ते अडीच वर्षे उपचार चालतो, त्याचा दीर्घ उत्तरार्ध घरी घ्यायच्या गोळ्यांचा असतो, आणि त्या चुकल्या तर रोग उलटण्याचा संभव वाढतो. उलटलेला रोग पहिल्यापेक्षा चिवट असतो. याच काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर घरगुती गोळीने तो दाबून सकाळची वाट पाहू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. कारण रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या (काउंट) घसरलेली असताना जंतुसंसर्ग काही तासांत प्राण घेऊ शकतो.

उपचार अर्धवट सुटतो त्याला अनेकदा अज्ञानापेक्षा खर्चच कारणीभूत असतो, आणि 'हे श्रीमंतांचे दुखणे, आपल्याला परवडणार नाही' हा समज चौकशीपूर्वीच दरवाजा बंद करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. शिधापत्रिका व ओळखीचा दाखला घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना पहिल्याच दिवशी भेटावे. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा आहे, आणि २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत अशा मुलांची आईबापांसह विनामूल्य राहण्याची तजवीज होते. रुग्णालयातील समाजसेवकांकडे मदत मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

मुलापासून सारे लपवावे, हा वडीलधाऱ्यांचा आग्रह प्रेमापोटीच असतो. तथापि पाठीत सुई टोचली जाणार हे ज्याला ठाऊक नसते, ते मूल पुढल्या खेपेस प्रत्येक पांढऱ्या कोटाला भिते. 'दुखेल, पण थोडाच वेळ, आणि मी हात धरून बसेन' हे त्याच्या वयाच्या भाषेत सांगता येते. केस गळतील आणि पुन्हा येतील, हेही सांगता येते. गावी आजीपाशी ठेवलेल्या थोरल्या भावंडाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. आपण मागे रागाने ढकलले म्हणून धाकटा आजारी पडला, असे ते मनात धरून बसलेले असू शकते. त्याला जवळ घेऊन, हे तुझ्यामुळे झाले नाही असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि रोज फोनवर त्या दोघांना बोलू द्यावे.