पिल्लं दिसली की गोल

मैदानावर गुलाबी ढग उतरतो आणि त्यातून हत्तीएवढी झिपरी पेकिनीज पिल्लं बागडत येतात. फुटबॉलपटू दियामांतिनोला बचावपटू दिसत नाहीत, गर्दीचा कल्लोळ ऐकू येत नाही. पिल्लांमधून वाट काढत तो चेंडू जाळ्यात धाडतो, बस्स.

गाब्रिएल अब्रांतेश आणि डॅनिएल श्मिट यांच्या ‘दियामांतिनो’ या पोर्तुगीज चित्रपटाला 2018च्या कान महोत्सवात ‘क्रिटिक्स वीक’चं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पिल्लांनाही तिथे श्वान-कलाकारांसाठीचा एक गमतीशीर पुरस्कार मिळाला! दियामांतिनोचं कमावलेलं शरीर, कानात चमकणारे हिरे, उशीवर स्वतःचाच छापील चेहरा. नायक कोणावरून बेतलाय हे रोनाल्डोच्या चाहत्यांना सांगायला नको.

पण ही निव्वळ टवाळी नाही. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी दियामांतिनोला यॉटवरून निर्वासितांची होडी दिसते. जगात दुःख आहे, हे त्याला प्रथमच कळतं आणि मैदानातली पिल्लं गायब होतात. पेनल्टी हुकते, वडील जातात, सारा देश त्याला हसतो. मग तो एक निर्वासित मूल दत्तक घ्यायचं ठरवतो. मुलगा बनून घरात शिरते ती काळ्या पैशाचा माग काढणारी गुप्तहेर आयशा. तिला तो जातीनं खाऊ-पिऊ घालतो.

1992 साली डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकी लेखकानं टेनिसपटू ट्रेसी ऑस्टिनच्या बेचव आत्मचरित्रावर लिहिताना एक शंका मांडली होती: ऐन क्षणी मनात काहीच नसणं, हीच तर थोर खेळाडूची प्रतिभा नसेल? चित्रपट ही शंका पार टोकाला नेतो. रिकामं डोकं गोल करतं, तसंच ते कुणालाही वापरता येतं. दुष्ट जुळ्या बहिणी (या भूमिका खऱ्या जुळ्या बहिणींनीच केल्यात) भावाला क्लोनिंगसाठी विकतात. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारे कडवे राष्ट्रवादी त्याला जाहिरातीत उभं करतात. आपण कशाचा प्रचार करतोय, याचा त्याला पत्ताच नसतो.

उत्तरार्धात कथानकाची फार दाटी होते. प्रयोगशाळेतला भाग मला तरी लांबलेला वाटला. चित्रपटाला सावरतो दियामांतिनो साकारणारा कार्लोतो कोत्ता. प्रयोगातल्या हार्मोन्समुळे दियामांतिनोला स्तन येऊ लागतात, तेव्हा दुसऱ्या एखाद्या नटानं प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारला असता. कोत्ता ते नवं शरीर कुतूहलानं, जराही न लाजता स्वीकारतो, आणि आपलं हसू ओठांवरच अडतं.